मोटारीच्या क्लचचें दुखणें व त्याचें निदान

मोटार हांकणाऱ्याच्या डाव्या पायाखालीं जें पेडल असतें, त्याचा उपयोग त्याला दिवसांतून शेंकडों वेळां करावा लागतो. परंतु त्या पेडलाच्या पलीकडे काय घडतें, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. ब्रेक बिघडला तर भीति वाटते, एंजिन बिघडलें तर गाडी जागच्या जागीं उभी राहते. क्लच मात्र हळूहळू, कुरकुर करीत, महिनोन् महिने बिघडत जातो. अखेर गाडी गॅरेजमध्यें नेली कीं, ‘क्लचप्लेट गेली’ एवढ्या दोन शब्दांत निकाल लागतो. हा निकाल पुष्कळदां खरा असतो. पण तो नेहमींच खरा असतो असें नाहीं. प्लेट बदलावयाची म्हणजे संबंध गिअर-बॉक्स खालीं उतरविला पाहिजे. सामानाची किंमत निराळी, मजुरी निराळी, आणि गाडी अडकून पडते तें निराळेंच. इतकें सारें करून मूळ दोष एखाद्या ढिल्या पडलेल्या केबलमध्यें किंवा पेडलाखालीं गोळा झालेल्या चटईंत निघाला, तर खर्च फुकट गेला असेंच म्हणावें लागेल. उलटपक्षीं, खरोखरच झिजलेल्या क्लचकडे दुर्लक्ष करून भरलेली गाडी घाटांत नेली, तर ती भर चढावर, मागून वाहनें येत असतां, पुढें सरकण्याचें नाकारते. यासाठीं, नट सैल करण्यापूर्वीं निदान करावें, हाच खरा मार्ग होय. आणि तें निदान बहुतांशीं चालकाला स्वतःच्या कानानें, नाकानें व पायानें करतां येतें.

हातानें गिअर बदलावयाच्या जुन्या गाड्या हिंदुस्थानच्या रस्त्यांवर अजूनहि धांवतांना दिसतात. त्यांपैकीं सर्वांच्या परिचयाची गाडी म्हणजे ‘मारुति ८००’. १४ डिसेंबर १९८३ रोजीं या जातीची पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हातीं देण्यांत आली, आणि जानेवारी २०१४ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. ७९६ घन सेंटीमीटरचें, तीन सिलिंडरांचें लहानसें एंजिन, पुढच्या चाकांना मिळणारी शक्ति, आणि पोलादी केबलनें चालणारा क्लच अशी तिची साधी रचना आहे. ती साधी असल्यामुळेंच या विवेचनास उदाहरण म्हणून सोयीची आहे. इतर कांहीं गाड्यांत पेडलाचा जोर केबलऐवजीं तेलाच्या दाबानें क्लचपर्यंत पोंचविलेला असतो; तेवढा भेद पुढें यथास्थळीं सांगितला आहे. बाकीचा प्रकार बव्हंशीं सारखाच.

प्रथम क्लच हवाच कशाला, तें पाहूं. पेट्रोलचें एंजिन शून्यापासून जोर देऊं शकत नाहीं. तें एकदां सुरू झालें कीं कांहीं किमान गतीनें फिरत राहिलें पाहिजे. जबरीनें थांबविलें तर बंद पडतें. चाकें मात्र कधीं थांबलेलीं, कधीं मंद, कधीं वेगांत. फिरणारें एंजिन आणि थांबलेलीं चाकें यांची गांठ घालावयाची, आणि गिअर बदलतांना ती क्षणभर सोडावयाची, यासाठीं मध्यें एक दुवा लागतो. तो दुवा म्हणजे क्लच.

एंजिनाच्या दांड्याच्या टोंकाला फ्लायव्हील नांवाचें जड, बिडाचें चक्र जखडलेलें असतें. त्याच्या सपाट तोंडासमोर क्लचप्लेट असते. ही एक पातळ पोलादी चकती. तिच्या दोन्ही अंगांना खरखरीत अस्तर रिव्हेटांनीं बसविलेलें असतें. तिच्या मधल्या भोंकाला आंतून खांचा असतात, आणि त्या गिअर-बॉक्समधून आलेल्या दांड्याच्या खांचांत बसतात. त्यामुळें प्लेट फिरली कीं दांडा फिरतो, परंतु प्लेटला त्या दांड्यावर किंचित् मागेंपुढें सरकतां येतें. प्लेटच्या पाठीशीं प्रेशर प्लेट, आणि तिच्याहि पाठीशीं ताटलीच्या आकाराची एक जोरकस स्प्रिंग. पाय पेडलावर नसतो तेव्हां ही स्प्रिंग प्रेशर प्लेटला पुढें रेटते, आणि क्लचप्लेट फ्लायव्हील व प्रेशर प्लेट यांच्यामध्यें चिमट्यांत धरल्यासारखी घट्ट धरली जाते. तिघें मिळून एकजीव फिरतात, आणि एंजिनाचा जोर चाकांकडे जातो.

चालकानें पेडल दाबलें कीं केबल ओढली जाते, तिच्या दुसऱ्या टोंकाची तरफ एक काटा फिरविते, आणि काट्यावरचें रिलीज बेअरिंग पुढें सरकून स्प्रिंगच्या मधल्या बोटांवर रेलतें. बोटें आंत दाबलीं गेलीं कीं स्प्रिंगची बाहेरची कड उलट दिशेनें कलते, प्रेशर प्लेट मागें हटते, आणि क्लचप्लेट मोकळी होते. एंजिन फिरत राहतें. प्लेट थांबूं शकते.

यावरून ध्यानांत येईल कीं क्लचला कामें दोनच : धरणें आणि सोडणें. धरण्याच्या वेळीं त्यानें घट्ट धरलें पाहिजे, सोडण्याच्या वेळीं साफ सोडलें पाहिजे. आणि एका स्थितींतून दुसरींत जातांना धक्का न देतां गेलें पाहिजे. क्लचच्या साऱ्या तक्रारी यांतच सामावतात. धरीत नसेल तर क्लच घसरतो. सोडीत नसेल तर गिअर अडतात, खरखरतात. मधला प्रवास बिघडला असेल तर गाडी निघतांना थरथरते. या तिहींखेरीज आवाज उरतात, आणि ते बहुधा बेअरिंगांचे असतात. तेव्हां निदानाचा पहिला प्रश्न ‘प्लेट गेली काय?’ हा नसून, ‘क्लच धरीत नाहीं, कीं सोडीत नाहीं?’ हा असला पाहिजे. या एका प्रश्नानेंच निम्मी कारणें बाद होतात.

परीक्षेची सुरुवात पेडलापासून करावी, कारण त्यास खर्च नाहीं. एंजिन बंद ठेवून पेडल हातानें हलकेंच दाबून पाहावें. पहिलें कांहीं अंतर तें जवळजवळ विनाजोर खालीं जातें, आणि मग एकदम प्रतिकार जाणवतो. या पहिल्या अंतरास पेडलाची मोकळी चाल म्हणतात. गॅरेजच्या भाषेंत तोच ‘प्ले’. लहान गाड्यांत ही चाल साधारणतः १५ ते २५ मिलिमीटर असते. नक्की आंकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत पाहावा. ही चाल म्हणजे रिलीज बेअरिंग व स्प्रिंगचीं बोटें यांच्यामधील सुटकेचें माप आहे. ती मुळींच नसेल, तर चालकाचा पाय पेडलावर नसतांनाहि बेअरिंग बोटांवर रेललेलें राहतें, आणि क्लच अर्धवट दाबल्यासारखा होतो. ती फार असेल, तर पेडल तळाला टेकलें तरी क्लच पुरता सुटत नाहीं.

येथें एक गोष्ट नीट समजून घेण्याजोगी आहे, कारण तिच्याविषयीं गैरसमज फार. केबल जुनी होऊन ताणली गेली म्हणजे मोकळी चाल वाढते. परंतु प्लेटचें अस्तर झिजलें म्हणजे ती चाल वाढत नाहीं, उलट कमी होते. प्लेट पातळ होते तसतशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या अधिक जवळ जाते. स्प्रिंगची बाहेरची कड तिकडे झुकली कीं मधलीं बोटें उलट दिशेस, म्हणजे बेअरिंगकडे, उठतात. आणि मधली सुटका खाऊन टाकतात. म्हणून झिजणाऱ्या क्लचची केबल वेळोवेळीं थोडी ढिली करावी लागते. क्लच घसरूं लागला म्हणून केबल आवळणारा मनुष्य रोग्याला रोगच पाजीत असतो. आवळल्यानें उरलीसुरली मोकळीक जाते, क्लच अधिक घसरतो, आणि चांगली प्लेटहि जळून जाते. केबल आवळण्याचा उपाय सोडण्याच्या दोषावर आहे. धरण्याच्या दोषावर नाहीं.

आतां पहिला दोष, घसरणें. याचें लक्षण घाटांत लवकर उमगतें. बोरघाटांत किंवा कसाऱ्याच्या चढावर चार माणसें व सामान घेऊन गाडी चालली आहे. चालक एक्सिलरेटर अधिक दाबतो. एंजिनाचा आवाज एकदम चढतो, परंतु गाडीचा वेग तितकाच राहतो, कधीं उलट कमी होतो. थोड्या वेळानें जळक्या अस्तराचा उग्र वास येऊं लागतो. एंजिनाचा जोर चाकांकडे न जातां घर्षणानें उष्णतेंत खर्च होत आहे, हा त्याचा अर्थ. पण गाडी चढत नाहीं एवढ्यावरून क्लचला दोष देऊं नये. एंजिन अशक्त झालें असेल तरी गाडी चढत नाहीं; मात्र तेव्हां एंजिनाचा आवाजहि चढत नाहीं. ब्रेक चिकटून चाकें अडत असतील तरी तोच प्रकार. तेव्हां चाकाचा मधला भाग तापलेला आढळतो. आवाज चढतो आणि वेग चढत नाहीं, हें दोन्ही एकत्र दिसलें तरच घसरणें समजावें.

याची खात्री सपाट रस्त्यावरहि करतां येते. रहदारी नसलेला, किंचित् चढाचा रस्ता पाहावा. सर्वांत वरच्या गिअरमध्यें ताशीं ४० किलोमीटरच्या सुमारास गाडी चालवावी, आणि एक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबावा. वरच्या गिअरमध्यें एंजिनाला गाडी ओढणें जड जातें, म्हणून क्लचवर चांगलाच ताण येतो. निरोगी क्लच असेल तर एंजिनाचा आवाज व गाडीचा वेग हातांत हात घालून सावकाश वाढतात. आवाज एकाएकीं उसळी घेऊन पुढें गेला व वेग मागें राहिला, तर निदान झालें. दुसरी एक परीक्षा गाडी उभी ठेवून करतात : सपाट जागीं चाकांना उटी लावावी, हातब्रेक पक्का ओढावा, समोर व मागें कोणी उभें नाहीं हें पाहावें, तिसरा गिअर टाकावा, आणि उजवा पाय ब्रेकवर ठेवून क्लचचें पेडल सावकाश सोडावें. एंजिन तत्काळ बंद पडलें पाहिजे. तें पेडल पुरतें सुटल्यावरहि चालूच राहिलें, तर क्लच फारच घसरतो आहे असें समजावें. मात्र एंजिन बंद पडलें म्हणजे क्लच निर्दोष ठरला, असें नव्हे. मंद गतींतल्या एंजिनाचा जोर थोडा असतो, आणि थोडा घसरणारा क्लचहि तेवढा पेलतो. चढाचीच परीक्षा अधिक खरी. दोन्ही परीक्षा एकेकदांच कराव्या. वारंवार केल्यास परीक्षेनेंच प्लेट जळावयाची.

घसरण्याचीं कारणें बाहेरून आंत या क्रमानें तपासावीं. मोकळी चाल नाहींशी झाली आहे काय? असेल तर ती पुस्तिकेप्रमाणें ठेवून पुन्हां परीक्षा घ्यावी. प्लेट जळलेली नसेल तर येवढ्यावरच काम भागण्याचा संभव असतो. केबल गंजून आपल्या नळींत अडकते काय? पेडल सोडल्यावर तें चटकन् वर येतें कीं रेंगाळतें, यावरून हें कळतें. त्यानंतर तेलाची गळती पाहावी. एंजिन व गिअर-बॉक्स यांच्या सांध्याखालीं ओल दिसली, तर सील फुटून तेल आंत अस्तरावर गेलें असण्याचा संभव आहे. गिअरच्या तेलाला गंधकासारखा उग्र वास असतो, एंजिनाच्या तेलाला तसा नसतो. यावरून गळती कोणत्या बाजूची, याचा अंदाज बांधतां येतो. तेल पडलेली प्लेट पुसून पुन्हां बसविण्यांत अर्थ नसतो, आणि सील न बदलतां नवी प्लेट टाकली तर तीहि त्याच वाटेनें जाते. मोकळी चाल ठीक, केबल ठीक, बाहेर गळती नाहीं, आणि तरीहि क्लच घसरतो, एवढें ठरल्यावरच अस्तर झिजलें किंवा स्प्रिंग मऊ पडली असें मानून गिअर-बॉक्स उतरविण्याचा विचार करावा.

दुसरा दोष याच्या उलट. पेडल तळापर्यंत दाबूनहि क्लच पुरता सुटत नाहीं. गिअर पडतांना खरखर होते, पहिला गिअर जोर करून टाकावा लागतो, आणि कधीं कधीं पेडल दाबलेलें असतांनाहि गाडी पुढें ओढ घेते. याची परीक्षा रिव्हर्स गिअरनें करावी. पुढच्या गिअरांत दांते जुळण्यापूर्वीं दोघांची गति सारखी करणारी योजना असते. जुन्या लहान गाड्यांच्या रिव्हर्समध्यें ती सहसा नसते, म्हणून तो गिअर क्लचचा दोष झांकीत नाहीं. गाडी उभी, एंजिन मंद गतींत. पेडल पूर्ण दाबून पांच-सहा सेकंद थांबावें, म्हणजे प्लेट थांबण्यास अवधि मिळेल. मग रिव्हर्स हलकेंच टाकावा. तो निमूट पडला तर क्लच सुटतो आहे. इतकें थांबूनहि खरखर झाली, तर प्लेट अजून फिरतेच आहे.

येथें गिअर-बॉक्सचा दोष व क्लचचा दोष यांची गल्लत होऊं देऊं नये. एंजिन बंद असतां सर्व गिअर सहज पडतात व चालू केल्यावर अडतात, तर दोष क्लचकडे आहे. एंजिन बंद असतांनाहि गिअर अडतात, तर गिअरच्या दांडीचे जोड तपासावे. रिव्हर्स शांतपणें पडतो, परंतु चालत्या गाडींत एकच गिअर, उदाहरणार्थ दुसरा, नेमका खरखरतो, तर दोष त्या गिअरच्या आंतल्या योजनेंत आहे. क्लच बदलून तो जाणार नाहीं.

न सुटण्याचें पहिलें कारण हास्यास्पद वाटण्याइतकें साधें आहे. पायाखालची जाड चटई पुढें सरकून पेडलाखालीं जमा होते, आणि पेडल तळाला टेकतच नाहीं. ती काढून पाहावी. नंतर मोकळी चाल मोजावी. ती वाढली असेल तर केबलच्या टोंकाचा नट फिरवून बेताची करावी. तें करतांना केबलचीं दोन्ही टोंकें डोळ्यांनीं पाहावीं. पोलादी तारांपैकीं एक-दोन तुटून केसांसारख्या बाहेर आल्या असतील, तर ती केबल आज ना उद्यां तुटणारच; ती वाटेंत तुटण्यापेक्षां घरीं बदललेली बरी. पेडल दिवसेंदिवस जड होत जाणें व आंत खरखर लागणें, ही तिची पूर्वसूचना असते.

जेथें पेडलाचा जोर तेलानें पोंचतो, अशा गाड्यांत निराळी परीक्षा आहे. पेडल भराभर दोन-तीन वेळां दाबून लगेच गिअर टाकावा. एकदां दाबून जो गिअर अडत होता तो आतां सहज पडला, तर नळींत हवा शिरली आहे किंवा सिलिंडरांतील रबरें तेलाचा दाब धरीत नाहींत असें समजावें. पेडलावर पाय नुसता दाबून ठेवला असतां तें हळूहळू खालीं बुडत गेलें, तरी अर्थ तोच. अशा वेळीं तेलाच्या भांड्यांतील पातळी, पेडलामागचा सिलिंडर व क्लचजवळचा सिलिंडर यांची ओल पाहावी. अशा अनेक गाड्यांत झीज आपोआप भरून निघते; त्यामुळें पेडलाची चाल बदलून आगाऊ सूचना मिळत नाहीं, आणि चढाची परीक्षा अधिकच महत्त्वाची ठरते.

कोंकणासारख्या दमट मुलुखांत न सुटण्याचें आणखी एक कारण आढळतें. पावसाळाभर गाडी जागची हलली नाहीं, तर प्लेटचें अस्तर गंजामुळें फ्लायव्हीलला चिकटून बसतें. पेडल दाबलें तरी प्लेट सुटत नाहीं, आणि कोणताहि गिअर पडत नाहीं. काल ठीक असलेली गाडी चार महिन्यांनीं अशी वागूं लागली, तर झिजेचा संशय घेऊं नये; झीज उभ्या गाडींत होत नसते. ही गांठ पुष्कळदां गिअर-बॉक्स न उतरवितांहि सुटते, पण तें काम उघड्या जागीं जाणत्या मिस्त्रीच्या हातूनच करून घ्यावें, कारण प्लेट सुटते तेव्हां गाडी अवचित झेंप घेऊं शकते. पावसाळ्यांत आठवड्यांतून एकदां गाडी थोडी फिरविली, तर ही वेळच येत नाहीं.

तिसरी तक्रार थरथरण्याची. गाडी निघतांना, पेडल अर्धें सुटलेलें असतां, सारी गाडी हिसके देते, आणि एकदां निघाल्यावर शांत होते. याचें कारण अस्तरावरचें तेल, तापून गुळगुळीत झालेलें अस्तर, किंवा फ्लायव्हीलवर उष्णतेनें पडलेले निळसर डाग हें असूं शकतें. परंतु त्याआधीं एंजिन ज्या रबरी बैठकांवर बसविलेलें असतें, त्या तपासाव्या. रबर चिरलें किंवा बोल्ट सैल झाला, तर क्लच धरूं लागतांच एंजिन जागच्या जागीं डोलतें, आणि त्या डोलण्यानें क्लच पुन्हां सुटतो, पुन्हां धरतो. बॉनेट उघडून, ब्रेक घट्ट दाबून, चालकानें पेडल किंचित् सोडावें; दुसऱ्यानें बाजूला उभें राहून, समोर कदापि नव्हे, एंजिन किती हलतें तें पाहावें. तें ठळकपणें उसळत असेल तर प्रथम बैठका बदलाव्या. क्लच बदलण्याच्या मानानें हें काम अगदीं लहान आहे.

उरले आवाज. यांचें निदान केवळ ऐकून होतें, मात्र क्रम सोडूं नये. गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्यें, एंजिन मंद गतींत. पाय पेडलावर नसतां घरघर ऐकूं येते व पेडल दाबतांच ती बंद होते, असें असेल तर ती गिअर-बॉक्सच्या दांड्याच्या बेअरिंगची; कारण पेडल दाबल्यावर तो दांडा थांबतो. याच्या उलट, पाय वर असतां शांतता, आणि मोकळी चाल संपून पेडलाला नुकता जोर लागतांच किरकिर सुरू होते, तर ती रिलीज बेअरिंगची. कारण तेव्हांच त्यावर भार येतो. पेडल पूर्ण दाबल्यावरच आवाज येत असेल, तर दांड्याचें टोंक फ्लायव्हीलच्या मध्यभागीं ज्या लहानशा बेअरिंगमध्यें टेकतें, त्याचा संशय घ्यावा. तेव्हां एंजिन फिरतें व दांडा उभा असतो, म्हणून त्यालाच काम पडतें. एकाच ठिकाणचे वाटणारे तीन आवाज पायाच्या तीन स्थितींनीं असे वेगळे करतां येतात.

इतकें पाहून गिअर-बॉक्स उतरविणें अपरिहार्य ठरलें, तर मग काटकसर चुकीच्या जागीं करूं नये. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग हीं तिन्हीं एकदमच बदलावीं; कारण उरलेलें एक जुनें बेअरिंग सहा महिन्यांनीं ओरडूं लागलें, तर तीच मजुरी पुन्हां द्यावी लागते. फ्लायव्हीलचें तोंड व सील त्याच वेळीं पाहावें. काढलेली जुनी प्लेट मालकानें आवर्जून मागून घ्यावी. ती क्लचचा सारा इतिहास सांगते. अस्तर रिव्हेटांच्या डोक्यांपर्यंत सारखें उतरलें असेल, तर तिनें आपलें आयुष्य पुरें केलें. अस्तर जाड पण काळें, तेलकट असेल, तर दोष सीलचा होता. अस्तर जाड पण करपलेलें असेल, तर दोष आवळलेल्या केबलचा किंवा हांकणाऱ्याच्या संवयीचा. प्लेट चांगली जाड, कोरडी व स्वच्छ निघाली, तर निदान चुकलें होतें. एक सावधगिरी मात्र बाळगावी : जुन्या काळच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस वापरीत, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ती फुंकरीनें किंवा हवेच्या नळीनें उडवूं नये. ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी.

संवयीचा उल्लेख आलाच आहे, म्हणून त्याविषयीं थोडेंसें. पाय विश्रांतीसाठीं पेडलावर ठेवणें म्हणजे मोकळी चाल स्वतःच्या पायानें नाहींशी करणें होय. चढावर रहदारींत उभें राहतांना हातब्रेक न लावतां अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणें ही दुसरी संवय. त्या वेळीं गाडी तसूभर हलत नाहीं, आणि एंजिनाचा क्लचपर्यंत पोंचणारा सारा जोर अस्तर तापविण्यांतच जातो. दुसऱ्या गिअरमध्यें गाडी काढणें ही तिसरी. या तीन गोष्टी टाळल्या तर तीच प्लेट कितीतरी अधिक काळ टिकते.

गॅरेजमध्यें जातांना ‘क्लच खराब झाला’ असें मोघम सांगूं नये. धरीत नाहीं कीं सोडीत नाहीं, गाडी थंड असतां कीं तापल्यावर, कोणत्या गिअरमध्यें, मोकळी चाल किती आढळली, आवाज पाय वर असतां कीं पेडल दाबल्यावर, गळती कोठें दिसली, एवढें एका कागदावर टिपून न्यावें. चांगल्या मिस्त्रीला ही माहिती हवीच असते, आणि तिच्यामुळें त्याचें निम्में काम वांचतें. ज्याला ती नको असते, आणि जो बॉनेट न उघडतांच प्लेटची किंमत सांगतो, त्याच्याकडून गाडी परत न्यावी.